तेरच्या वाटेने अमाल्फीचा किनारा

युरोपचा प्रवास ही आपल्याकडील मध्यम स्थितीतील कुटुंबांस आता पूर्वीसारखी अप्राप्य गोष्ट राहिलेली नाही. कोणाचे चिरंजीव जर्मनीत नोकरीस असतात, कोणाची कन्या शिक्षणासाठी इटलीत गेलेली असते. त्या निमित्ताने धाराशिव, तुळजापूर, सोलापूरकडील वडील मंडळीही तिकडे महिना-पंधरा दिवस राहून येतात. अशांच्या कार्यक्रमात एक दिवस बहुधा ठरलेला असतो. दक्षिण इटलीतील नेपल्स शहरातून सकाळी आठाच्या सुमारास मोटार निघते, बरोबर इंग्रजी बोलणारा वाटाड्या असतो, आणि पाँपेईचे भग्नावशेष, सोरेंतो, पोझितानो, अमाल्फी व राव्हेल्लो यांपैकी जमतील तितकी स्थळे दाखवून रात्र पडण्याच्या सुमारास ती सर्वांस परत आणून सोडते. धनिकांच्या आणि नटनट्यांच्या वास्तव्यामुळे जगभर गाजलेला असा हा भूमध्य समुद्राचा किनारा आहे. पण परत आलेल्यांस काय पाहिले म्हणून विचारावे, तर 'फार सुंदर' यापलीकडे फारसे ऐकावयास मिळत नाही. याचे कारण उघड आहे. आपण तेथे सर्वस्वी परके म्हणून जातो, आणि परक्याच्या दृष्टीस केवळ रंग दिसतात.

वस्तुतः धाराशिव जिल्ह्यातील मनुष्य त्या किनाऱ्यास परका नाही. ते कसे, हे समजण्यासाठी या सफरीचा आरंभ नेपल्सला न करता तेरला केला पाहिजे.

धाराशिवहून मोटारीने तासाभराच्या आत गाठता येणारे, तेरणा नदीकाठचे हे गाव आपणांस गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक आहे. परंतु त्या संतश्रेष्ठाच्या कितीतरी शतके आधी ते 'तगर' या नावाने समुद्रापारही प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले एक छोटे पुस्तक उपलब्ध आहे. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची व मालाची व्यापाऱ्यांच्या उपयोगाची माहिती आहे. तीत म्हटले आहे की, दक्षिणापथात दोन पेठा विशेष महत्त्वाच्या : भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर फार मोठे नगर तगर. तगरहून जाडेभरडे कापड पुष्कळ, तसेच नाना प्रकारची तलम वस्त्रे, गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचेस येत. तगरपुरवराधीश्वर हे बिरुद पुढे शिलाहार राजे मोठ्या अभिमानाने मिरवीत. तथापि हे नगर नेमके कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत एकवाक्यता नव्हती. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी नावे पुढे आली. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे साधार दाखविले, आणि ते मत आता सर्वमान्य झाले आहे.

भडोचेस गेलेला माल पुढे कोठे जाई? मोसमी वाऱ्यांच्या आधाराने गलबते तांबड्या समुद्रातील इजिप्तच्या बंदरांत पोहोचत. तेथून उंटांच्या पाठीवरून नाईल नदी, नदीतून अलेक्झांड्रिया, आणि अलेक्झांड्रियाहून पुन्हा गलबतांतून नेपल्सच्या उपसागरातील पुतिओली बंदर. त्या काळी पूर्वेकडील मालासाठी रोमचे मुख्य बंदर हेच होते. आज त्याला पोत्सुओली म्हणतात व ते नेपल्सच्या पश्चिमेस अगदी जवळ आहे. उलट वाटेने काय येई, तेही त्या ग्रीक लेखकाने नोंदविले आहे : तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, सोन्यारुप्याची नाणी, आणि मद्य, त्यातही इटलीचे मद्य अधिक पसंत. नेपल्सच्या आसपासचा कँपानिया प्रांत तर द्राक्षांच्या मळ्यांसाठीच नावाजलेला होता. तेथील ज्वालामुखीच्या काळ्या रेतीचे कण ज्यांच्या मातीत मिसळलेले आहेत अशा मद्यकुंभांचे तुकडे पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे सापडले आहेत. रोमन धर्तीच्या कुंभांचे अवशेष आपल्याकडे नेवाशासही मिळाले, आणि तेर येथे रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके मिळाली. म्हणजे हा व्यवहार एकेरी नव्हता. ते आमचे कापड नेसत होते आणि आमच्याकडील धनिक त्यांचे मद्य चाखीत होते.

एवढी शिदोरी बांधून मग नेपल्सला जावे. सफरीच्या आदल्या दिवशी तेथील पुराणवस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. ते मंगळवारी बंद असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात, अमेदेओ मैउरी या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली, एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज येथे आहे. उंची सुमारे २४ सेंटिमीटर; अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण गळ्यात, दंडांत, मनगटांत, पायांत दागिन्यांची दाटी; दोन्ही बाजूंस एकेक लहान दासी. कोणीही मराठी स्त्री क्षणभर पाहील तर ही बाई आपल्याकडची, असेच म्हणेल. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई गाडून टाकले. तेव्हा त्यापूर्वीच ही मूर्ती तेथे पोहोचली होती, यात संशय नाही.

ही मूर्ती संग्रहालयाच्या ज्या दालनात ठेवली आहे, त्यास 'गुप्त दालन' म्हणतात. पाँपेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तूंसाठी ते राखलेले आहे. बालगोपाळांसह जाणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच जाणून असावे. विवस्त्र म्हणून तिला तेथे बसविले खरे. पण आपल्या शिल्पपरंपरेत सालंकृत यक्षी ही समृद्धीची व मांगल्याची खूण असते, हे सांगणारे तेथे आपल्यावाचून कोण आहे?

येथे थोडा विवेकही राखला पाहिजे. आरंभी हिला लक्ष्मी म्हटले गेले व ते नाव रूढ झाले; परंतु दोन बाजूंस दासी आहेत, हत्ती नाहीत, यावरून ती यक्षी असावी असे आज पुष्कळ अभ्यासकांस वाटते. डोक्यावरील छिद्रावरून ती एखाद्या आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असावी असा तर्क आहे. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर असल्यामुळे ती वायव्य सरहद्दीकडून गेली, असे मानणारेही आहेत. पण तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याच मराठवाड्यात दोन ठिकाणी मिळाल्या : एक जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील खंडित मूर्ती, आणि दुसरी तेरची. म्हणून 'पाँपेईची बाई तेरचीच' असे छातीठोकपणे म्हणता येत नसले, तरी ती आणि तेरची मूर्ती एका घराण्याच्या आहेत, एवढे निःशंकपणे म्हणता येते. खऱ्या अभिमानास इतके पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार पाँपेईस थांबते. गर्दी आवरण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून येथे दिवसाला वीस हजारच प्रेक्षकांस प्रवेश आहे व तिकिटावर नाव लागते. यास्तव तिकीट अगोदर काढणे बरे. वाटाड्या न्यायालय, स्नानगृहे, भटारखाने दाखवितो. त्यास 'इंडियन स्टॅच्युएट'चे घर विचारावे. आबोंदांत्सा नावाच्या हमरस्त्यावरील ते घर उघडे असेलच असे नाही. पण बाहेरच्या फरसबंदीवरील गाड्यांच्या चाकोऱ्या पाहिल्या तरी तेरहून निघालेल्या बैलगाड्यांचे दुसरे टोक आपणांस सापडते.

पाँपेई सोडल्यावर समुद्र उजव्या हातास लागतो आणि कास्तेल्लामारे हे गाव येते. प्राचीन स्ताबिये ते हेच. रोमचा थोर ग्रंथकार प्लिनी याने हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्तर्स नाणे ओढून घेतो, अशी तक्रार लिहून ठेविली आहे. तोच प्लिनी आरमाराचा अधिकारी या नात्याने ज्वालामुखीच्या वेळी लोकांच्या मदतीस धावला व याच स्ताबियेच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्या पाच कोटींतील काही वाटा तेरच्या कोष्ट्यांच्या घरी गेला असला पाहिजे, हा विचार मनात येताच तो किनारा चित्रासारखा सपाट राहत नाही.

सोरेंतोच्या पुढे डोंगर ओलांडला की दक्षिणेचा उघडा समुद्र दिसू लागतो व खरा अमाल्फीचा रस्ता सुरू होतो. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल पाणी, आणि मधून दोन मोटारींस जेमतेम पुरेल एवढी वाट. वळणे इतकी की ज्यांस घाट लागतो त्यांनी न्याहारी बेताचीच करावी. कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी लिंबांच्या बागा रचलेल्या आहेत. दगडी बांध घालून माती अडविण्याची ही मेहनत पाहून आपल्या बालाघाटातील शेतकऱ्यास शेजार आल्यासारखे वाटेल. पोझितानो हे गाव कड्यास टांगल्यासारखे आहे. आज तेथील एका रात्रीच्या खोलीचे भाडे ऐकून जीव दडपतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटासाठी अमेरिकेस निघून गेलेल्यांमुळे हेच गाव ओस पडत चालले होते.

भोजनाविषयी दोन शब्द. तेथे लिंबाच्या सरबतासारखे पिवळे दिसणारे 'लिमोनचेल्लो' हे कडक मद्य आहे. मुलांच्या हाती ते पडू देऊ नये. आणि शाकाहारी मंडळींनी 'कोलातुरा' हा शब्द ध्यानात ठेवावा : तो मासळीचा अर्क असून साध्या दिसणाऱ्या पदार्थातही घालतात.

दुपारी अमाल्फी. चौकातून ६२ पायऱ्या चढून संत आंद्रियाच्या देवळापाशी गेले की कांस्याची दारे दिसतात. ती अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आणविलेली आहेत. त्या काळी अमाल्फी हे व्हेनिस-जेनोआच्या आधी उदयास आलेले स्वतंत्र व्यापारी संस्थान होते. समुद्रावरील व्यवहारांचे त्याचे नियम इतरत्र मानले जात. पुढे नॉर्मन आले, बाराव्या शतकात पिसाने ते लुटले, आणि १३४३ साली समुद्राच्या उत्पाताने बंदराचा मोठा भाग गिळला. आज वस्ती सुमारे पाच हजारांची. वाटाड्या येथे होकायंत्राचा शोध लावणाऱ्या फ्लावियो जोयाचा पुतळा दाखवील. असा कोणी पुरुष झालाच नाही, असे संशोधकांचे मत आहे. वाटाड्याचे सारेच प्रमाण मानू नये, एवढाच यातील बोध. तेथून वर, समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचीवर, राव्हेल्लो. तेथील व्हिला रुफोलोची बाग पाहून १८८० साली जर्मन संगीतकार वाग्नर यास आपल्या संगीतनाटकातील मायावी उद्यानच सापडल्यासारखे वाटले. सायंकाळच्या उन्हात खालचा सारा किनारा तेथून एका नजरेत येतो.

त्या उंचीवरून पाहताना जो प्रश्न मनात उभा राहतो, तो या सफरीचा गाभा होय. अमाल्फी आणि तेर या दोघांचाही व्यापार बुडाला. एकाचा समुद्राने व शत्रूने, दुसऱ्याचा वाटा बदलल्याने व काळाने. पण अमाल्फीने आपली दारे, आपला जुना कागदाचा कारखाना, आपले नियमपुस्तक, फार काय आपल्या दंतकथादेखील जपल्या, आणि आज त्यांवरच तेथील घरोघरची चूल पेटते. १९९७ साली तो किनारा जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. तेरकडे जपण्यासारखे काही कमी नाही. चैत्याच्या आकाराचे, विटांचे, पाठीमागे गोल असलेले त्रिविक्रमाचे देऊळ आजही उभे आहे. पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. गावचेच एक गृहस्थ रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू पदरमोड करून जमविल्या; त्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले व आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. एका व्यापाऱ्याच्या छंदाने जे वाचले, ते अन्यथा कोठल्या कोठे गेले असते!

म्हणून वाचकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. ज्या घरी परदेशप्रवासाचा बेत चालला असेल, त्या घरच्या मुलाबाळांनी आधी एक रविवार तेरला द्यावा. संग्रहालय त्या दिवशी उघडे असल्याची चौकशी मात्र करून निघावे. आणि ज्यांच्या शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात अशा वस्तू निघतील, त्यांनी त्या फेरीवाल्याच्या हाती देऊ नयेत. १८७८ च्या कायद्यान्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निक्षेपाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. पण कायद्याचे भय बाजूस ठेविले तरी ही गोष्ट स्वतःच्या घराण्याची आहे. पाँपेईच्या त्या मूर्तीस आज आपली म्हणण्याचा जो काही आधार आपल्या हाती आहे, तो तेरच्या व भोकरदनच्या मातीत तिच्या बहिणी सापडल्या आणि त्या कोणीतरी जपून ठेविल्या, एवढाच आहे.