चौलमधले अरब गाव

आजचे चौल म्हणजे अलिबाग तालुक्यातले नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव. हजार वर्षांपूर्वी अरब खलाशी याच बंदराला 'सैमूर' म्हणत.

वस्ती : बगदादचा प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास इथे आला. त्याच्या अंदाजाने बंदरात सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेल्या या मंडळींनी इथेच लग्ने करून संसार थाटले होते. इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलाबाळांना 'बयासिरा' म्हणत.

कारभार : उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, त्याच्यावर सत्ता राष्ट्रकूटांची. मुसलमानांचे तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. मसूदीच्या भेटीच्या वेळी हा मान अबू सईद मारूफ बिन झकरिया याच्याकडे होता.

प्रार्थना : पुढे त्याच शतकात अरब प्रवासी इब्न हौकल याने सैमूरमधल्या जुम्मा मशिदींची नोंद केली.

शेजारचा पुरावा : पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा (इ.स. ९२६) ताम्रपट संजाण बंदराच्या अरब अधिकाऱ्याची हकीकत सांगतो. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने संजाणचा प्रदेश त्याच्याकडे सोपवला होता. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे येते. अभ्यासक त्यात 'मुहम्मद' ओळखतात. भगवतीच्या मठाला याच ताम्रपटाने जमीन मिळाली. मधुमतीने नदीवर फुकट होड्या ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप वाढले जाई.