रक्तपिपासूला हवंय तरी काय?

ऐतिहासिक कादंबरी वाचक अर्ध्यावर का सोडतो, हा या लेखमालेचा मागच्या आठवड्याचा विषय होता. आजची तक्रार नेमकी उलटी आहे. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्यापायी रात्री जागवल्या आणि शेवटी हाती धुपाटणं आलं. एलिझाबेथ कोस्तोवा यांच्या 2005 सालच्या ‘द हिस्टोरियन’ या कादंबरीबद्दल असंख्य वाचकांची हीच तक्रार आहे.

सुरुवात अशी की पुस्तक खाली ठेववत नाही. साल 1972, गाव ॲम्स्टरडॅम. 16 वर्षांच्या मुलीला वडिलांच्या ग्रंथसंग्रहात एक जुनं पुस्तक सापडतं. सगळी पानं कोरी, फक्त मधोमध लाकडी ठशातून उमटवलेला ड्रॅगन. सोबत पिवळी पडलेली पत्रं. तिथून कथा इस्तंबूल, बुडापेस्ट, बल्गेरियातले मठ अशी फिरत राहते. शोध असतो तो वालेकियाच्या व्लाद तिसऱ्याच्या थडग्याचा. हा व्लाद, म्हणजेच ड्रॅक्युला, 1476-77 च्या हिवाळ्यात मारला गेला. बुखारेस्टजवळ स्नागोव्हच्या तळ्यातल्या मठात त्याला पुरलं, अशी परंपरा सांगते. पण 1930 च्या दशकात तिथलं थडगं उकरलं, तेव्हा व्लादचा मागमूस लागला नाही. कादंबरीकाराला याहून चांगलं भांडवल कुठलं मिळणार?

ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

शेकडो पानांनंतर ड्रॅक्युला समोर येतो आणि त्याची इच्छा कळते. शतकानुशतकं जमवलेल्या आपल्या ग्रंथालयाची सूची करायला त्याला एक विद्वान हवा आहे! वाचकाचा हिरमोड होतो तो इथे. ज्याच्या भीतीने माणसं देशोदेशी पळाली, त्याची भूक एवढीच? शिवाय तीन पिढ्यांची पत्रं एकाच आवाजात बोलतात. इतिहास अस्सल आहे, मठांची वर्णनं सुरेख आहेत, पण भीती वाटेनाशी होते.

ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’तही कागदपत्रंच आहेत: डायऱ्या, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेला नाही. ड्रॅक्युला हे नाव त्याला 1890 मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या वाचनालयात, विल्यम विल्किन्सनच्या पुस्तकात मिळालं. इतिहासाच्या बाबतीत तो कोस्तोवांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण त्याच्या पुस्तकात डायरी लिहिणारा माणूस लिहिता लिहिताच संकटात असतो, आणि त्याच्या ड्रॅक्युलाला लंडन हवं असतं, नवी माणसं, नवं रक्त हवं असतं. मेलेल्याला काय हवं आहे, या प्रश्नाचं उत्तर दमदार असेल तर वाचक इतिहासातल्या चुकाही पोटात घालतो. उत्तर फुसकं निघालं, तर खरी कागदपत्रंही कादंबरीला वाचवू शकत नाहीत.

मेलेल्याला काय हवं आहे, हा प्रश्न आपल्या नगर जिल्ह्याच्या मातीतही फार जुना आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचं नाव एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळालं. काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 700. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या उत्खननात या काळातल्या लहान मुलांची दफनं मिळाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल, आणि हे सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली.

मोठ्यांची गोष्ट निराळी. श्रीगोंद्याशेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे प्रौढांना उत्तरेकडे डोकं करून पुरलेलं आढळलं, आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेला माणूस भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून हे केलं असावं, असं पुरातत्त्वज्ञ म्हणतात. पुरताना जवळ वाडगी आणि तोटीची भांडीही ठेवलेली. म्हणजे ज्याला वाटेवर अन्नपाणी द्यायचं, त्याचेच पाय तोडायचे. आणि एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत! गावाने यालाच का सोडलं? त्याने परत यावं असं कुणाला वाटत होतं? पोलंडमध्ये द्राव्स्कोला गळ्यावर विळा ठेवून पुरलेले 17व्या-18व्या शतकातले सांगाडे जगभर गाजले. इनामगावचे लोक त्यांच्या अडीच हजार वर्षं आधीचे.

शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण, म्हणजेच जुनं प्रतिष्ठान. ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा ज्या राजाभोवती गुंफल्या आहेत, तो त्रिविक्रमसेन याच प्रतिष्ठानचा. 11व्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्ये बसून त्या संस्कृतात आणल्या, पण राजा गोदाकाठचाच राहिला. प्रेतात शिरलेल्या त्या वेताळाला रक्त नको, ग्रंथालय नको. त्याला न्याय्य उत्तर हवं असतं, आणि शेवटी तोच राजाला कपटी भिक्षूच्या हातून बळी जाण्यापासून वाचवतो. भीती, कोडं आणि माया एकाच प्रेताच्या तोंडून बोलतात. हे कोस्तोवांना साधलं नाही.

मराठीत नारायण धारपांनी भयकथेचा वाचक घडवला, पण इतिहासात घट्ट पाय रोवून उभी राहिलेली पिशाच्चकथा मराठी वाचकाला अजून हवी आहे. नगरच्या तरुण लेखकांनी ती लिहायला घ्यावी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशावर लिहिलेला 1960 चा ग्रंथ आणि इनामगावचा 1988 मधला अहवाल आधी वाचावा, मग त्या शाबूत पायांच्या माणसाला काय हवं होतं ते ठरवावं, आणि त्यानंतरच पहिलं वाक्य लिहावं.