रस्ता उखडून परत आणलेली वाट

केंटकी, व्हर्जिनिया आणि टेनेसी यांच्या सीमा जिथे जुळतात, तिथे अ‍ॅपलेशियन डोंगररांगेत कंबरलँड गॅप नावाची खिंड आहे. चेरोकी आणि शॉनी लोकांची ही जुनी वाट. १७७५ मध्ये डॅनियल बूनने तीसेक माणसांनिशी झाडे तोडून ती पुढे केंटकीत नेली आणि १८१० पर्यंत दोन ते तीन लाख लोक या खिंडीतून पश्चिमेकडे गेले, असा अंदाज आहे.

नाणेघाट चढलेल्या मराठी माणसाला ही खिंड परकी वाटणार नाही. मात्र नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. इथे पायाखालची मातीसुद्धा नंतर भरलेली! विसाव्या शतकात खिंडीतून डांबरी महामार्ग गेला होता. १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे सुरू झाल्यावर तो महामार्ग उखडण्यात आला, जुना चढउतार पुन्हा घडवला गेला, झाडे लावली गेली. वारसा जपण्यासाठी वाहता रस्ता मोडण्याचे धैर्य आपल्या घाटांच्या वाट्याला क्वचितच येते.

राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरसोबत ही वाट चालायची संधी मिळाली, तर बूनच्या पराक्रमापलीकडचेही विचारावे. १७९० च्या जनगणनेत केंटकीची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती. त्यांपैकी सुमारे १२ हजार गुलाम होते. पश्चिमेकडे जाण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.