ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग का थरथरते?

पाटणहून कराडकडे येताना जुनी गाडीही मुकाट चालते. वळणे आणि मल्हारपेठची गर्दी यांमुळे वेग ५०-६०च्या पुढे फारसा जात नाही. कराडला पुणे-बंगळूर महामार्गाला लागून काटा ८०वर गेला, की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. वेग कमी केला, की थरथर गायब! मग 'रस्ताच खराब असेल' म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. काही जण अलाइनमेंट करून घेतात. पैसे जातात, थरथर राहते.

अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली, तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर बहुधा चाकाचा तोल, म्हणजे बॅलन्सिंग, बिघडल्याने येते. रिमच्या कडेला लावलेले छोटे वजन पडले, तरी हे घडते. छोट्या मोटारीचे चाक ताशी ९० किलोमीटरला सेकंदात सुमारे १४ फेऱ्या मारते. रिमच्या कडेवरचा ३० ग्रॅमचा फरक त्या वेळी चार किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर ओढतो. वेग निम्मा केला, की हा जोर एक चतुर्थांश होतो. शिवाय चाक आणि सस्पेन्शनची स्वतःची कंपनेही सेकंदाला साधारण १० ते १५ असतात. झोक्याला लयीत धक्का मिळावा, तसे दोन्हींचे जुळते. म्हणूनच कधी कधी १००च्या पुढे थरथर कमी झाल्यासारखी वाटते. दोष मात्र तसाच असतो.

पाटणसारख्या मुसळधार पावसाच्या भागात आणखी एक साधे कारण आढळते. शेतवाटेवरचा तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळतो. त्यामुळे पहिला उपाय बिनखर्चाचा: चाके आतून स्वच्छ धुवावीत.

त्यानंतर थरथर कुठे आणि कधी जाणवते, ते पाहावे. स्टिअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि तळ हलत असेल, तर मागच्या चाकांवर. वडापच्या जुन्या जीपमध्ये प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही तपासावा लागतो. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे बसत असतील, तर ब्रेक डिस्कची जाडी असमान झाली असण्याची शक्यता मोठी. कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्याने डिस्क फार तापतात. तिथे खालच्या गिअरमध्येच उतरावे. अॅक्सिलरेटर दाबताच थरथर वाढली, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट पाहावा. कमी वेगालाही गाडी डुलत असेल, तर रिम वाकलेली किंवा टायरला फुगा आलेला असू शकतो.

टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी वय पाहावे. बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत ते असते: '३५१९' म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. बॅलन्सिंग करूनही फरक न पडल्यास पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे सरकली, तर दोष त्या चाकांतच आहे.

ती जागची हलली नाही, तर सांधे तपासण्याची वेळ आली. मेकॅनिक चाक उचलून वर-खाली धरून हलवतो. तेव्हा प्ले जाणवला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर जाणवला, तर बहुधा टाय रॉड एंड झिजलेला असतो. हा सांधा निखळला, तर स्टिअरिंग फिरवूनही ते चाक वळत नाही. झिजलेल्या सांध्यावर नुसते बॅलन्सिंग करून घेणे म्हणजे दुखणे झाकणे.

थरथर अचानक सुरू झाली किंवा झपाट्याने वाढली, तर मात्र पुढच्या गावापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. हळूहळू वेग कमी करून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. चाकाचे नट आणि टायर पाहावेत. नट सैल असतील, तर आवळावेत आणि गॅरेजमध्ये तपासून घ्यावेत. फुगा दिसला, तर स्टेपनी लावावी. बाकी वेळी गॅरेजमध्ये 'गाडी हलते' एवढेच सांगून थांबू नये. कोणत्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, हातात की सीटखाली, हे सांगितले, तर निम्मे निदान तिथेच होते आणि नको ते सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.