दूरस्थ चिकित्सा : सोय आणि मर्यादा

दिंद्रुड परिसरातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि चालू चिकित्सा खंडित होते. अशा रुग्णांना दूरध्वनीवरील सल्ला उपकारक ठरतो; औषधयोजना सुरू राहते, कामावर खाडा पडत नाही. २०२० मध्ये आयुर्वेद वैद्यांसाठीही दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे आली.

तथापि दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी दुरून केवळ प्रश्न नीट साधतो. दर्शन अपुरे राहते, स्पर्शन व नाडीपरीक्षा तर अशक्यच. म्हणून प्रथम तपासणी स्थलांतरापूर्वी समक्ष व्हावी व फडावरून पुढील विचारपूस व्हावी, असे आम्हांस वाटते. वत्सनाभ, भल्लातकयुक्त कल्प देताना औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीची वैद्यांकडून खातरजमा करावी. तीव्र लक्षणे असल्यास रुग्णास तत्काळ नजीकच्या रुग्णालयात पाठवावे.