मागच्या माणसाची जागा : एका येझदीचं कॅफे रेसर होणं

आमच्या रत्नागिरीच्या घराच्या पडवीत एक अर्धं मडगार्ड टांगलेलं आहे. उरलेलं अर्धं मी स्वतःच्या हाताने ग्राइंडरने कापलं आणि भंगारात दिलं. त्या कापलेल्या तुकड्यावर वडिलांनी पेंटरकडून पिवळ्या रंगात लिहून घेतलेला 'श्री' होता. कापताना माझ्या ते लक्षातही आलं नाही. संध्याकाळी आई पडवीत आली, गाडीच्या उघड्या मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिने दोनच प्रश्न विचारले. "अरे, आता चिखल अडवायचा कोणी? नि मी बसू कुठं?"

हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना झालेला अभ्यास आहे. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. हिशेब लिहिण्याची नोकरी केली, आणि उरलेल्या वेळात जुन्या मोटरसायकलींची माहितीपुस्तकं, सुट्या भागांच्या याद्या आणि गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या आठवणी गोळा करत राहिलो. वडील शाळा तपासनीस होते. १९७४ साली त्यांनी येझदी घेतली आणि लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांतल्या शाळा तिच्यावरून पालथ्या घातल्या. रविवारी तीच गाडी कुटुंबाची व्हायची : मी टाकीवर, आई मागे, धाकटी बहीण आईच्या मांडीवर. वडील गेल्यानंतर गाडी बरीच वर्षं पडवीत उभी होती. तिची 'कॅफे रेसर' करायची हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते परदेशी गाड्यांची छायाचित्रं पाहून.

छायाचित्रांत दिसतं ते असं : खाली वाकलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट, लांबट टाकी, एकाच माणसापुरतं सीट आणि त्याच्या शेवटी उंटाच्या मदारीसारखा उंचवटा. मडगार्ड जवळजवळ नाहीतच. हे रूप कुठून आलं हे समजल्याशिवाय ते उचलणं म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा माप न घेता घालणं. मी नेमकं तेच केलं होतं.

कॅफे आणि रस्ता

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये 'एस कॅफे' सुरू झाला. तिथे मुख्यतः मालट्रकवाले थांबत. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याची इमारत उद्ध्वस्त झाली, १९४९ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. पन्नाशीच्या दशकात ब्रिटनमधल्या कामगार घरांतल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा आला होता आणि हप्त्यांवर मोटरसायकल मिळू लागली होती. ही मुलं रात्री अशा कॅफेंत जमत, कॉफी पीत, गाणी ऐकत आणि मग रस्त्यावर शर्यती लावत. ताशी शंभर मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने १६० किलोमीटर, हा त्यांचा मानाचा आकडा. जूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परत यायचं, अशीही एक दंतकथा सांगतात. १९६९ मध्ये कॅफे बंद पडला आणि २००१ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडला.

या मुलांकडे शर्यतीची गाडी विकत घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून रोजच्या गाडीतून जे वजनदार आणि वाऱ्याला अडवणारं असेल ते काढून टाकायचं, ही त्यांची रीत. त्यांची सगळ्यात गाजलेली गाडी 'ट्रायटन' तर उरल्यासुरल्यातूनच जन्मली. बेलफास्टच्या रेक्स मॅकॅन्डलेस यांनी रचलेली नॉर्टनची 'फेदरबेड' चासी १९५० मध्ये शर्यतीत उतरली. पिसांच्या गादीसारखी चालते म्हणून हे नाव. पाचशे सीसीच्या छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असे, पण कंपनी ते सुटं विकत नसे. मग ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि चासी तशीच पडून राही. या चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवलं की झाली ट्रायटन.

कॅफे रेसर ही अशी गरजेतून आलेली चीज आहे. तिच्या प्रत्येक अवयवामागे कारण आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर विरोध चौपट. तो विरोध तोडून तोच वेग टिकवायला लागणारी शक्ती मात्र आठपट. म्हणून इंजिनाची ताकद वाढवण्यापेक्षा स्वाराने छाती टाकीवर टेकवणं स्वस्त पडतं. हँडल खाली गेलं की धड पुढे झुकतं, त्याला जुळतील असे पाय मागे घ्यावे लागतात, आणि मागचा उंचवटा स्वाराला घसरू देत नाही.

पण हे गणित वेगाचं आहे. भरवेगात समोरचा वारा स्वाराची छाती उचलून धरतो, म्हणून मनगटांवर भार येत नाही. निवळीच्या घाटात तिशी-चाळिशीच्या वेगाने वळणं घेताना उचलून धरायला वारा नसतो. धडाचा सगळा भार दोन मनगटांवर. पहिल्या फेरीनंतर मला दोन दिवस तांब्या धड उचलता येत नव्हता.

येझदीचा नकार

आता माझ्या गाडीकडे वळतो. मुंबईच्या रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनू लागल्या. 'जावा' हे नाव फ्रान्टिशेक यानेचेक आणि 'वाँडरर' या दोन नावांच्या आद्याक्षरांतून आलं. १९७३ च्या सुमारास म्हैसूरच्या गाडीला 'येझदी' हे नाव मिळालं. त्याचा संबंध इराणमधल्या यझ्द शहराशी जोडतात, आणि चेक भाषेत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'स्वार होऊन फिरतो' असा होतो. 'कॅफे' म्हटलं की मराठी वाचकाला इराणी हॉटेल आठवतं. ती हॉटेलं काढणारी बरीच इराणी कुटुंबंही यझ्द आणि केरमान भागांतूनच आलेली. तेव्हा कॅफे आणि येझदी यांचं नातं आपल्याकडे निदान नावापुरतं तरी लंडनहून जुनं आहे! कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

शर्यतीचं वारंही या गाडीला लागलेलं होतं. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे जावा-येझदी धावत. अडीचशे सीसी म्हणजे कमी, असंही नाही. ब्रिटनमध्ये १९६१ पासून शिकाऊ चालकांना अडीचशे सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येई. ती मर्यादा ओळखून रॉयल एन्फिल्डने साठीच्या दशकाच्या मध्यास 'कॉन्टिनेन्टल जीटी' नावाची अडीचशे सीसीची कॅफे रेसर थेट कारखान्यातूनच बाहेर काढली. त्याच नावाची गाडी कंपनीने २०१३ मध्ये भारतात पुन्हा आणली. त्यामुळे माझी कल्पना अगदीच अस्थानी नव्हती. तरी गाडीने तीन ठिकाणी नकार दिला.

पहिला नकार फूटरेस्टचा. येझदीत गिअरचा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. फूटरेस्ट मागे न्यायचे तर गिअरला जोडदांडी लावावी लागते, आणि जोडदांडी लावली की दांडा किकसाठी फिरत नाही. परदेशी छायाचित्रांतल्या गाड्यांत ही दोन कामं वेगवेगळ्या दांड्यांकडे असतात. मी फूटरेस्ट जिथल्या तिथे ठेवले.

दुसरा नकार सायलेन्सरचा. येझदीला सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. ते आखूड केले की गाडी हलकी होईल आणि गुरगुरेल, असा माझा समज. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. सिलिंडरमधून धूर बाहेर पडताना थोडं ताजं मिश्रणही निसटतं. नळीतून परत येणारी दाबाची लाट ते अडवते. नळीची लांबी बदलली की लाट अवेळी येते, ताकद घटते आणि पेट्रोल वाया जातं. करण्यासारखं काम वेगळंच होतं : आतली जाळी काढून पन्नास वर्षांचा साठलेला काजळीचा थर खरवडणं. तेवढ्यानेच गाडीचा दम परत आला.

तिसरा नकार कोकणाचा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रस्त्याच्या कडेला जांभ्याची तांबडी माती आणि हवेत समुद्राचं मीठ. येझदीची चेन पूर्ण बंद पेटीत असते. ती पेटी काढली की गाडी सडपातळ दिसते. मी काढली, आणि एका पावसाळ्यात चेन गेरूसारखी लाल झाली. मडगार्ड नसल्याने पाठीवर तांबडा पट्टा उमटायचा तो वेगळाच. आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं पाठीवर मिळालं.

कायद्याची बाजू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत निघालं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातले तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नोंदणी पुस्तकात आसनक्षमता दोन लिहिलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर त्याला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारं कवच हवं, असंही नियम सांगतात. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच.

याहून मोठी गोष्ट मला उशिरा कळली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. १९७४ ची आमची येझदी आता त्या वयाची आहे. चासीचा मागचा भाग कापून उंचवट्याचं सीट जोडायचं मी ठरवलं होतं. त्या एका कापाने गाडीची वर्षं उरली असती, पण कायद्याच्या लेखी तिचा इतिहास पुसला गेला असता. शिवाय पन्नास वर्षांची नळी कापून पुन्हा वेल्ड करायची म्हणजे तापलेली नळी किंचित तरी वाकणार, आणि खाऱ्या हवेत गंजाची सुरुवात बहुधा वेल्डच्या सांध्यापासूनच होते.

परतीची वाट ठेवून

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : परत बसवता येईल तेवढंच काढायचं, आणि बसवायचं ते मूळच्याच भोकांत.

हँडल बदललं, पण मूळच्याच पकडीत बसणारं सपाट हँडल घेतलं. यात एक खबरदारी सांगतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावं. मूठ आणि टाकी यांच्यात बोटं चेंगरता कामा नयेत. मग इंजिन चालू ठेवून पुन्हा वळवावं. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे असं समजावं. उंच हँडलच्या केबल सखल हँडलला लांब पडतात, त्यांचे वेटोळे अडकतात. म्हणून योग्य लांबीच्या नव्या करून घ्याव्यात. मी आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन त्या करवून आणल्या. ओतकाम आणि लेथच्या कामात मुरलेल्या त्या गावात असं काम करणारे हात अजून आहेत.

चेनची पेटी परत चढवली. मडगार्ड दुसरं मिळवून बसवलं. त्यावर 'श्री' नाही. सीट सपाट करून घेतलं, शेवटी बोटभर उंचवटा ठेवला, पण लांबी दोघांची. मूळ सीट आणि मूळ हँडल माळ्यावर गुंडाळून ठेवलं आहे. चार पाने घेऊन बसलं तर एका दुपारी गाडी १९७४ मध्ये परत जाते.

एका मित्राने विचारलं, "मग यात कॅफे रेसर उरली कुठे?" प्रश्न खोटा नाही. पण त्या लंडनच्या मुलांनी आपल्या रस्त्याला आणि आपल्या खिशाला जे नको होतं ते काढलं. त्यांचे रस्ते रुंद आणि स्वार एकटे होते. आपल्याकडे मोटरसायकल हे पहिल्यापासून दोघा-तिघांचं वाहन. छायाचित्र बघून कॅफे रेसर करायला घेतली की आपण पहिल्यांदा काढतो ती मागच्या माणसाची जागा, आणि ती काढताना आपल्या लक्षातही येत नाही. मलाही 'श्री' दिसला नव्हता.

गेल्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. आईला आता मांडी वळवून बसवत नाही, म्हणून सीट दोन इंच खाली घेतलेलं तिला सोयीचं पडलं. आरे-वारेपर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर तिने मडगार्डवर हात फिरवला आणि म्हणाली, "इथं काहीतरी लिहिलेलं होतं." मी हो म्हणालो. पेंटर शोधतो आहे.