पिंक बुकातली एक ओळ

बीड जिल्ह्यात रेल्वेचा विषय निघाला की लोक वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आले : "मंजूर झाली का?" खरं तर नगर-बीड-परळी हा मार्ग १९९५-९६ सालीच मंजूर झाला होता. लांबी २६१ किलोमीटर, तेव्हाचा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये. बीड शहरातून नगरकडे प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. तोवर संपूर्ण मार्गाचा खर्च ४,८०५ कोटींवर गेला होता आणि बीडपासून पुढं परळीपर्यंतचं काम अजून शिल्लकच होतं.

या तीस वर्षांत मंजुरी कधीच कमी पडली नाही. कमी पडत होता तो दर वर्षीचा पैसा. हा फरक आमच्या लोकांना कुणी नीट समजावून सांगितला नाही, याची मला फार खंत आहे. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. रेल्वेच्या पट्ट्यात जाणाऱ्या जमिनींच्या मोजण्या केल्या, बांधावर उभं राहून शेतकऱ्यांच्या शंका ऐकल्या. आष्टीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खुणेचा दगड रोवताना मला विचारलं होतं, "साहेब, आमच्या हयातीत गाडी दिसल का?" त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर बांधावर नव्हतंच. ते दिल्लीत छापल्या जाणाऱ्या एका पुस्तकात होतं.

त्याला सगळे पिंक बुक म्हणतात. केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर रेल्वेचा प्रत्येक झोन आपल्या कामांची यादी त्यात देतो. नवे मार्ग, दुहेरीकरण, पूल, प्रवाशांच्या सोयी अशी वेगवेगळी शीर्षकं असतात आणि एकेका कामाला एकच ओळ मिळते. त्या ओळीत तीन आकडे वाचायचे : कामाचा एकूण अंदाजित खर्च, मागच्या मार्चअखेरपर्यंत झालेला खर्च आणि या वर्षीची तरतूद. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, पण ही ओळ अजून छापली जाते आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. मार्गाचं नाव यादीत आलं म्हणजे तो मंजूर झाला. तो होणार की नाही, हे मात्र तिसरा आकडा सांगतो.

समजा ३५३ कोटींचं काम आहे आणि पहिल्या वर्षी त्याला १० कोटी मिळाले. उरलं ३४३ कोटींचं काम. सिमेंट, पोलाद, डिझेल, मजुरी आणि जमीन मिळून वर्षाला सहा टक्के जरी महागाई धरली, तरी पुढच्या वर्षी तेच उरलेलं काम ३६४ कोटींना पडतं. म्हणजे १० कोटी खर्च झाले आणि मार्ग पूर्ण व्हायला लागणारी रक्कम ११ कोटींनी वाढली. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण देशातल्या शेकडो मार्गांचं नेमकं हेच झालं. रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पी भाषणात लोकसभेत सांगितलं की मागच्या तीस वर्षांत १,५७,८८३ कोटींचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले ३१७ पूर्ण झाले आणि उरलेल्या ३५९ प्रकल्पांना आता १,८२,००० कोटी लागतील. अर्ध्याहून कमी प्रकल्प झालेले, आणि उरलेल्यांची किंमत सगळ्यांच्या मूळ किमतीपेक्षा जास्त!

असं का होतं? रेल्वे कुठल्याही नव्या मार्गाची आधी पाहणी करते. माल किती, प्रवासी किती, चढ-उतार कसे, पूल किती, हे पाहून गुंतवणुकीवर परतावा किती टक्के येईल ते काढते. बरीच वर्षं हा उंबरठा १४ टक्क्यांचा होता. कोळसा किंवा लोहखनिज वाहणारा मार्ग तो सहज ओलांडतो. बीडसारखा जिल्हा, जिथून दर हंगामात ऊसतोडीला हजारो कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून बाहेर पडतात, तो १४ टक्के कुठून दाखवणार? अशा मार्गांना मंजुरी मिळते ती मागास भागाची गरज म्हणून, आणि बहुतेक वेळा लोकप्रतिनिधींच्या रेट्यामुळं. आमच्याकडं केशरकाकू क्षीरसागरांनी आणि पुढं गोपीनाथ मुंडे यांनी ही मागणी लावून धरली. पण नफ्याच्या कसोटीवर मागं राहिलेलं काम पैसे वाटतानाही मागंच राहतं. मागास भागाची गरज म्हणून मंजुरी द्यायची आणि वार्षिक वाटप मात्र इतरांच्या उरल्यासुरल्यातून करायचं, हे मला कधीच पटलं नाही.

ही कोंडी फुटली ती खर्चाच्या वाटणीमुळं. महाराष्ट्र सरकारनं या मार्गाचा निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं. आजच्या ४,८०५ कोटींच्या हिशेबानं राज्याचा वाटा २,४०० कोटींच्या घरात जातो. राज्य आपला हप्ता रेल्वेकडं जमा करतं, रेल्वे आपला घालते आणि काम रेल्वेच करते. यात एक मोठा फायदा आहे. राज्याचे पैसे पडलेले असले की विधिमंडळात आमदार विचारू शकतात, काम कुठवर आलं. तोटाही आहे. राज्याची तिजोरी आखडली की हप्ता लांबतो, पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते, आणि दोन्हीकडच्या चाव्या लागल्याशिवाय कुलूप उघडत नाही. तरीही माझं मत वाटणीच्याच बाजूनं आहे. ज्या मार्गाला राज्य हात लावत नाही, तो दिल्लीच्या यादीत शेकडो ओळींतली एक ओळ होऊन पडून राहतो.

आता जमिनीकडं येतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. लोकांना वाटतं रूळ दोन, तर पट्टा असून असून किती रुंद असेल? रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर आणि भरावाचा माथा सात-आठ मीटर, एवढंच दिसतं. पण मातीचा भराव सरळ उभा राहत नाही. एक मीटर उंचीला दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर उतार सोडावा लागतो. भराव दहा मीटर उंच असेल तर त्याचा पाया पन्नास मीटरच्या आसपास पसरतो. म्हणून एकाच गावात एका गटातून वीस मीटर जातात आणि शेजारच्या गटातून पन्नास. "त्याच्यातून कमी, माझ्यातून जास्त का?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात यायचा. मी बांधावर काठीनं भरावाचा आडवा छेद काढून दाखवायचो. एकदा तो समजला की भांडण निम्मं व्हायचं.

आणि बालाघाटच्या डोंगररांगांत तर हे फारच चालतं. रेल्वेला चढ सोसत नाही. रस्त्यावरची गाडी घाट चढून जाते, रेल्वेला शंभर मीटरला एक मीटर चढ हाही पुष्कळ वाटतो. त्यामुळं टेकडी आली की खोल कापायची, ओढा-दरी आली की उंच भरायचं किंवा पूल बांधायचा. नगर सोडून सीना ओलांडली, आष्टी तालुका मागं टाकला आणि अमळनेर-रायमोहाकडं मार्ग वळला की हेच दिसतं : एका अंगाला कापलेला काळा खडक, दुसऱ्या अंगाला घरापेक्षा उंच भराव. शिवाय नव्या मार्गावर आता फाटक ठेवत नाहीत. प्रत्येक गाडीवाटेला वरून पूल किंवा खालून बोगदा द्यावा लागतो. शेतात जायची वाट तुटू नये म्हणून गावकरी हटून बसायचे आणि ते बरोबर होते. पण प्रत्येक बोगद्याचा खर्चही त्याच ओळीत जातो.

मोजणी संयुक्त असते. रेल्वेचे अभियंते मध्यरेषा दाखवतात, आम्ही जुन्या मोजणीच्या नोंदींशी, म्हणजे टिपण आणि गटबुकाशी, ताडून क्षेत्र काढतो. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, इतर झाडांचं वन विभाग, घर-गोठ्याचं सार्वजनिक बांधकाम विभाग. मग नोटिसा, हरकती, निवाडा, पैसे आणि शेवटी ताबा. जुन्या, १८९४ च्या कायद्यात बाजारभावावर तीस टक्के दिलासा रक्कम मिळायची. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. त्यात ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे. खर्च वाढला त्यात याचाही भाग आहे, आणि काही अधिकारी ते तक्रारीच्या सुरात सांगतात. मी नाही सांगणार. जिरायत का असेना, दोन एकरांतली पाऊण एकर देणाऱ्या माणसाला आधीच्या दरात काय मिळत होतं ते मी कागदावर पाहिलं आहे. रेल्वे स्वस्तात होत होती ती त्याच्या जिवावर.

पैसे येऊ लागल्यावर काम तुकड्या-तुकड्यानं उघडलं. २०१७ साली नगर ते नारायणडोह या बारा किलोमीटरवर चाचणी झाली. तिथून सोलापूरवाडी, मग डिसेंबर २०२१ मध्ये आष्टी. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी ही ६६ किलोमीटरची डेमू गाडी सुरू झाली. रूळ पडले म्हणून गाडी सुटत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त मार्ग तपासतात, वेगाची चाचणी घेतात आणि ते मान्यता देतात तेव्हाच प्रवासी बसतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडं असतात. मला ही व्यवस्था फार आवडते. बांधणाऱ्यानंच आपल्या कामाला शिक्का मारायचा नाही, असा तिचा अर्थ.

स्टेशनांबद्दल गावोगाव एक राग असतो : गाव एकीकडं आणि स्टेशन दुसरीकडं. यामागं बहुतेकदा राजकारण नसतं, उतार असतो. स्टेशनात गाडी उभी राहते, डबे सुटे केले जातात, म्हणून तिथं जमीन जवळजवळ सपाट लागते. चारशे मीटरला एक मीटर ही कमाल मर्यादा, आणि शक्य तर बाराशेला एक. शिवाय अख्खी मालगाडी बाजूला उभी राहील अशी सातशे मीटरच्या आसपासची जादा लाईन हवी. डोंगराळ भागात एवढा सपाट, सरळ तुकडा गावाच्या वेशीवर मिळेलच असं नाही. पण मग गावापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता, दिवे आणि गाडीच्या वेळेला जुळणारी एसटी यांचा पैसा कुणाचा, हे आधीच ठरायला हवं. तो रेल्वेच्या ओळीत नसतो. जिल्हा परिषद, बांधकाम विभाग आणि एसटी यांनी तो आपापल्या अंदाजपत्रकात धरायचा असतो, आणि स्टेशनाचं उद्घाटन होईपर्यंत त्याची आठवण सहसा कुणाला होत नाही.

जुन्या स्टेशनांच्या सुधारणेचा पैसा वेगळ्या शीर्षकातून येतो. २०१७ पासून उपनगरी, बिगर-उपनगरी आणि थांबे असे स्टेशनांचे गट केलेले आहेत, आणि कोणतं स्टेशन कोणत्या वर्गात जाईल ते वर्षाच्या उत्पन्नावर आणि प्रवाशांच्या संख्येवर ठरतं. त्यावरून किमान सोयी ठरतात : पाणी, शेड, बाकडी, शौचालयं, फलाटाची उंची. अमृत भारत योजनेत ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशभरातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली ४४ होती. त्या चित्रांत दर्शनी कमान नेहमी मोठी दिसते. मला विचाराल तर पहिला पैसा फलाटात घालावा. रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचा फलाट असला की गुडघे दुखणारी आजी आपली आपण डब्यात चढते. सखल फलाटावर तिला दोघांनी धरून वर ओढावं लागतं. कमान पुढच्या टप्प्यातही होईल.

बीडची गाडी सुरू झाली, पण ती नगरपर्यंत. लोकांना पुण्या-मुंबईला थेट जायचं आहे. ते बीडच्या स्टेशनवर ठरत नाही, नगर ज्यावर आहे त्या दौंड-मनमाड या जुन्या मार्गावर ठरतं. तो मार्ग एकेरी होता, त्याच्या दुहेरीकरणाचं काम टप्प्याटप्प्यानं चालू आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी दुसरीला थांबावं लागतं, त्यामुळं नव्या गाडीला वेळापत्रकात जागा मिळवणं कठीण होतं. म्हणून बीडकरांनी बीडच्या मार्गाइतकंच दौंड-मनमाडच्या ओळीकडंही लक्ष ठेवायला हवं.

बीड ते परळी अंदाजे ९४ किलोमीटर राहिले आहेत. तिकडं वडवणी-सिरसाळ्याच्या माणसांनी आमदार-खासदारांना पुढच्या सभेत मंजुरीबद्दल विचारू नये. या वर्षीची तरतूद किती, राज्याचा हप्ता जमा झाला का, आणि जमीन सलग ताब्यात आहे का, एवढं विचारावं. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. दहा किलोमीटरमध्ये एका गटाचा वाद राहिला तरी भरावाची यंत्रं दोन्हीकडं अडून बसतात. आणि ज्यांची जमीन गेली आहे त्यांनी कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलाची नोंद, होऊन उरलेल्या क्षेत्राचा सातबारा दुरुस्त झाला की नाही, ते तलाठ्याकडं जाऊन पाहावं. नाहीतर पीककर्जाच्या वेळी बँकेत खेटे घालावे लागतात, आणि तोवर मोजणीला आलेला माणूस माझ्यासारखा निवृत्त झालेला असतो.